काम संपल्यानंतरचा चिखल

बेलापूरमधली आमची कंपनी लहान आहे. पाणी आणि जमीन जिथे भेटतात तिथल्या भिंती, धक्के, बांध आणि पाणी सोडायच्या उघाड्या यांची आखणी आम्ही करतो. जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात संयुक्त राष्ट्रांची तिसरी महासागर परिषद भरली. त्याआधी चार महिने आमच्याकडे एकच विषय चालू होता: तिथे जायचं का, आणि जायचं तर काय घेऊन जायचं. हे प्रकरण त्या चर्चेचं आहे, आणि तिच्या मुळाशी असलेल्या एका भिंतीचं. त्या भिंतीची आखणी मी केली होती.

गाव, ग्राहक आणि माणसं यांची नावं मी देत नाही. गाव खाडीकाठचं आहे, एवढं पुरे. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

भिंत

नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव टाकून उभा राहिला. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी काही वस्त्यांच्या जमिनीपेक्षा वर असतं. अशा वेळी जोराचा पाऊस आला तर शहरातलं पाणी खाडीत जाणार कुठून? म्हणून सिडकोने शहर वसवताना डच धर्तीचे धारण तलाव केले. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि त्या मिटतात, पाऊस तलावात साठत राहतो. ओहोटी लागली की आतलं पाणी झडपा ढकलून निघून जातं. कोकणातल्या खारबंदिस्तीच्या बांधांना पिढ्यान्‌पिढ्या असलेली उघाडी आणि ही झडप, तत्त्व एकच.

आमचं काम अशाच एका नाल्याच्या तोंडाचं होतं. जुन्या झडपा गंजल्या होत्या आणि नाल्याचं पाणी खाडीत शिरताना डावीकडे पसरून चिखलात मुरायचं. ग्राहकाची मागणी होती की पाणी थेट खाडीच्या खोल धारेत गेलं पाहिजे, म्हणजे पावसाळ्यात निचरा लवकर होईल. मी नवीन झडपा घेतल्या आणि डाव्या हाताला एक मार्गदर्शक भिंत घातली, दगडी, खाडीत पुढे गेलेली. गणित चोख होतं. २०१८ च्या पावसाळ्याआधी काम पूर्ण झालं. त्या वर्षी मागच्या वस्तीत पाणी तुंबलं नाही. ग्राहक खूश, आम्ही खूश.

भिंतीच्या डावीकडे, तिच्या आडोशाला, गावातल्या लहान होड्या लागायच्या. दगडी पायऱ्यांचा जुना धक्का आहे तिथे. आमच्या नकाशावर तो धक्का होता, पण आम्ही त्याची उंची घेतली नव्हती, कारण तो आमच्या कामाच्या हद्दीबाहेर होता.

नाखव्याची पायरी

२०२१ च्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कामासाठी मी त्याच काठाने जात होते. ओहोटी होती. एक म्हातारे नाखवा पायऱ्यांवर बसले होते आणि त्यांची होडी चिखलात आडवी पडली होती, पाण्यापासून बरीच लांब. मी सहज विचारलं, होडी इतकी वर का ओढली?

ते म्हणाले, "वरती नाय ओढली, बाय. ती हितंच राहिली. पानी खाली गेलं."

मग मला त्यांनी पायऱ्या दाखवल्या. पूर्वी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आगेमागच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, ओहोटीलाही पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली हातभर असायचं, होडी तरंगायची. आता तिथे चिखल होता. भांगाच्या दिवसांतही होडी बाहेर काढायला भरतीची वाट बघावी लागते. भरती रात्री आली तर तो दिवस गेला. भरतीची वेळ काढायचा त्यांचा हिशोब आमच्या कोष्टकापेक्षा सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मी नंतर ते कोष्टकाशी ताडून पाहिलं. होडी काढायला पुरेल इतकं नेमकं आहे.

गाळ का साचला, हे मी त्यांना सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं आणि स्वतःच सांगितलं: "पानी येतं ते गाल घेऊन येतं. जातं ते मोकलंच जातं. पयलं पावसात नाला येऊन सगला साफ करायचा. आता तुमची भिंत त्याला इकरं येऊ देत नाय."

आमच्या विषयात याला मोठं नाव आहे, भरती-ओहोटीची विषमता. तिथे भरती कमी वेळात आणि जोराने आत येते, ओहोटी सावकाश उतरते. भरतीच्या शेवटी पाणी थोडा वेळ थबकतं, बारीक गाळ खाली बसतो, आणि हळू जाणाऱ्या ओहोटीला तो पुन्हा उचलण्याचं बळ नसतं. दर दिवशी दोनदा एक पातळ थर. वर्षभर साचलेला तो थर पावसाळ्यात नाल्याचा लोंढा धुऊन काढायचा. मी ज्याला 'पाणी पसरून चिखलात मुरतं' म्हणाले होते, आणि जे थांबवण्यासाठी भिंत घातली होती, तीच त्या धक्क्याची वर्षाची धुलाई होती.

मी घरी ऐरोलीला आले तेव्हा चपलांना तो चिखल होता. हे मला आजही नीट आठवतं, कारण त्या रात्री मी जुनं गणित उघडून बसले आणि त्यात एकही चूक सापडली नाही. जे विचारलं होतं त्याचं उत्तर बरोबर होतं.

पुढे आणखी एक गोष्ट झाली. वर आलेल्या चिखलावर तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रोपं रुजली. तिवर साधारणपणे समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या रेषेच्या खाली जगते. चिखल त्या उंचीला पोचला की बी आपोआप धरतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडता येत नाही. सार्वजनिक हिताचं काम असेल तरी न्यायालयाची परवानगी लागते. हा निकाल योग्य आहे आणि तो आला नसता तर या खाडीचं काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की गाळ काढून धक्का मोकळा करण्याची वाट रोपं वाढतील तशी बंद होत चालली. आमच्या हातून झालेला बदल दोन-तीन वर्षांत खाडीचा कायमचा आकार झाला असता.

कोणाची जबाबदारी

बांधकामाच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात काँक्रीटला तडा गेला, झडप अडकली, दगड निखळला तर कंत्राटदार आणि सल्लागार उत्तर देतात. शेजारचा चिखल दोन वीत वर आला तर कोणीच देत नाही. तो 'कामाचा भाग' नाही.

मग पर्यावरणाची परवानगी? किनारा नियमन क्षेत्राच्या मंजुरीत अटी असतात आणि त्यांचे सहामाही अनुपालन अहवाल द्यावे लागतात. मी असे अहवाल लिहिले आहेत. 'राडारोडा खाडीत टाकला नाही: पूर्तता केली.' 'कांदळवनापासून अंतर राखले: पूर्तता केली.' हे खोटं नसतं. पण तळाची पातळी काम सुरू होण्याआधी किती होती आणि तीन वर्षांनी किती आहे, हा रकाना मी हाताळलेल्या एकाही अहवालात नव्हता.

या खाडीपुरतं बोलायचं तर ही गोष्ट छोटी नाही. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. सुमारे ६५ चौरस किलोमीटर. त्यातलं जवळपास १७ चौरस किलोमीटर २०१५ साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर चरतात आणि भरती आली की नेरूळ-बेलापूरकडच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. त्यांचं ताट म्हणजे तो उघडा चिखल, तोही ठरावीक उंचीचा. चिखल वर आला की आधी पाणी कमी वेळ टिकतं, मग तिवर येते, आणि ताट उचललं जातं. नकाशावरचे हेक्टर तेवढेच राहतात. संरक्षित क्षेत्र कमी झालेलं नसतं, कायदा मोडलेला नसतो, एकही झाड तुटलेलं नसतं. उलट वाढलेली असतात.

तीन मसुदे

महासागर परिषदेत देश बोलतात, पण संस्था आणि कंपन्यांनाही एक वाट असते: ऐच्छिक वचन. शाश्वत विकासाच्या १४ व्या, म्हणजे समुद्राविषयीच्या, उद्दिष्टाला धरून आपण काय करणार, किती मुदतीत, कोणाबरोबर आणि कशाच्या बळावर, हे सार्वजनिक नोंदवहीत लिहायचं. २०१७ च्या न्यूयॉर्कच्या पहिल्या परिषदेत अशी १३०० हून अधिक वचनं नोंदली गेली. दुसरी परिषद २०२२ मध्ये लिस्बनला झाली. आमच्या संचालकांनी, म्हणजे सरांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरवलं की या वेळी आपलंही एक वचन असावं.

पहिला मसुदा तरुण सहकाऱ्यांनी केला: दरवर्षी इतकी कांदळवनाची रोपं लावू. हेतू चांगला होता. मी त्याला कडाडून विरोध केला. भरती-ओहोटीचं पाणी नीट खेळत असेल आणि पातळी योग्य असेल तर तिवर स्वतः येते. फ्लोरिडात कांदळवनतज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी आयुष्यभर हेच करून दाखवलं, आधी पाण्याची वाट मोकळी करा, झाडं पाठोपाठ येतात. पातळी योग्य नसेल तर लावलेलं रोप मरतं. आणि उघड्या चिखलावर हट्टाने जगवलंच, तर रोहिताचं चरायचं रान आपण झाकतो. या खाडीत चिखलाची कमतरता होते आहे, तिवराची नाही. सोपं, फोटोत छान दिसणारं वचन इथे अपाय करू शकतं, हे पटायला दोन बैठका गेल्या.

दुसरा मसुदा कार्यालयातल्या विजेचा आणि कागदाचा होता. त्यावर फार वेळ गेला नाही.

तिसरा मसुदा मी लिहिला. एकच वाक्य: आमच्या आखणीनुसार झालेल्या प्रत्येक किनारी कामाभोवतीच्या तळाची पातळी कामाआधी एकदा आणि काम संपल्यावर तीन वर्षं दरवर्षी मोजू, ते आकडे सर्वांना खुले ठेवू, आणि सुरुवात आमच्याच २०१८ च्या भिंतीपासून करू.

बैठकीत शांतता झाली. सर म्हणाले, "मॅडम, हे घेऊन तिथे गेलो तर उद्या इथे आपल्याला काम कोण देईल?"

प्रश्न रास्त होता. आमच्यासारख्या कंपनीचं पोट निविदांवर चालतं आणि स्पर्धक कंपनी हाच कागद ग्राहकासमोर ठेवू शकते: बघा, यांनी स्वतःच कबूल केलं आहे. शिवाय मोजणीचे आकडे ग्राहकाच्या मालकीचे असतात. करारातलं गोपनीयतेचं कलम मोडून ते खुले करता येत नाहीत. आमच्या हिशोबनीस ताईंनी आणखी एक मुद्दा मांडला: "तिकिटाच्या पैशात दोन सर्वेक्षणं होतील. मग जायचंच कशाला?"

मला त्याच सुमारास वाचलेल्या एका मजकुराने बळ दिलं. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार १९ जून २०२३ रोजी संमत झाला आणि भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. तो देशांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रासाठी आहे. आमच्या खाडीशी त्याचा थेट संबंध नाही. पण त्याचा चौथा भाग पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनावर आहे, आणि तो परवानगीपाशी थांबत नाही. परवानगी दिल्यानंतर परिणामांवर लक्ष ठेवायचं, अहवाल द्यायचे, ते सार्वजनिक करायचे, आणि आधी न दिसलेला मोठा परिणाम पुढे आला तर परवानगीचा पुन्हा विचार करायचा. जिथे कोणी राहत नाही त्या पाण्यासाठी जगाने हे मान्य केलं. मग जिथे नाखव्याची होडी अडकते तिथे आम्ही ते का करू नये, असं मी बैठकीत विचारलं. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी ते स्वतः धक्क्यावर जाऊन आले, आणि तिसरा मसुदा पक्का झाला. जायचं एकानेच, आणि उरलेल्या पैशांत पहिलं सर्वेक्षण करायचं, असंही ठरलं.

त्या सर्वेक्षणाला एप्रिलची अमावास्या धरली, कारण उधाणाच्या ओहोटीला जास्तीत जास्त चिखल उघडा पडतो. आम्ही चौघं होतो आणि वाट दाखवायला नाखव्यांचा पुतण्या. तो फळी टाकून पुढे जायचा, आम्ही मागून. पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि बाहेर काढताना चिखल असा धरून ठेवायचा की एकाचा बूट आतच राहिला. वरचा थर तपकिरी, बोटभर खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. निवट्या पायापुढून टुणटुण पळत होत्या. कालवांच्या शिंपल्यांनी हात कापले. लोखंडी सळया ठरावीक जागी रोवल्या, सळईचा किती भाग वर राहिला ते मोजलं, आणि आरटीके जीपीएसने, म्हणजे उपग्रहांवरून बारीक मोजणी करणाऱ्या उपकरणाने, प्रत्येक सळईची उंची घेतली. पुढच्या वर्षी तीच सळई किती बुडाली हे बघायचं.

पण मागचं काय? २०१८ च्या आधीची धक्क्यापाशी पातळी आमच्याकडे नव्हतीच. तेव्हा नाखव्यांची तिसरी पायरी उपयोगाला आली. आम्ही त्या पायरीची उंची काढली आणि तिच्यावरून 'हातभर खाली' म्हणजे किती, ते आणखी तीन वयस्क मच्छीमारांना वेगवेगळं विचारलं. एकाने वीतभर कमी सांगितलं, बाकीचे जवळपास जुळले. ही मोजणी मी अचूक म्हणणार नाही. तिच्याशिवाय मात्र आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि जे होतं ते गावाने जपलेलं होतं.

नीस

परिषद ९ ते १३ जूनला होती, सहयजमान फ्रान्स आणि कोस्टा रिका. देशांची अधिकृत चर्चा बंदरातल्या निळ्या विभागात, आणि सगळ्यांसाठी खुला हिरवा विभाग प्रदर्शन केंद्रात, ज्याला त्यांनी फ्रेंचमध्ये देवमाशाचं नाव दिलं होतं. मी हिरव्या विभागात होते. किनारी शहरं, विमा, बँका, तेल, नौकानयन, मासेमारी, सगळ्यांचे लोक तिथे भेटत होते, आणि बांधकाम व गाळ उपसणाऱ्या मोठ्या कंपन्यांचेही.

संवर्धनाचं काम करणाऱ्या अनेकांना आमच्या क्षेत्राविषयी संशय आहे. तो मला तिथे स्पष्ट जाणवला, आणि मला तो गैर वाटत नाही. ज्यांनी भिंती बांधल्या तेच आता 'निसर्गाधारित उपाय' विकायला आले, असं एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं. मी त्यांना माझं भित्तिपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं, भिंतीच्या छायाचित्रापाशी थांबल्या आणि पहिला प्रश्न केला: "हे शून्य कुठलं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कान गरम झाले. मी पातळ्या लिहिल्या होत्या, पण कुठल्या आधारापासून ते लिहिलं नव्हतं. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'आज ४.८ मीटरची भरती' छापून येतं ते सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सर्वात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. जमिनीची मोजणी समुद्राच्या सरासरी पातळीपासून होते. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे २.५१ मीटरचं अंतर आहे. म्हणजे ४.८ ची भरती जमिनीच्या नकाशावर २.२९ वर येते. हे न सांगता दिलेला आकडा दुसऱ्या देशातल्या माणसाला निरुपयोगी, किंबहुना दिशाभूल करणारा. मी तिथेच पेनाने खाली लिहिलं: सरासरी समुद्रपातळीपासून. त्या बाई महासागरशास्त्रज्ञ निघाल्या, आणि पुढचा तासभर आम्ही माझ्या कागदावर वाकून बसलो. खुले आकडे म्हणजे नुसते संकेतस्थळावर टाकलेले आकडे नव्हेत, हे त्यांनी मला शिकवलं: शून्य, वेळ, भरतीची अवस्था, उपकरण आणि अचूकतेची मर्यादा प्रत्येक ओळीला जोडलेली हवी.

दुसरी भेट इंडोनेशियाच्या एका अभियंत्याशी झाली. जावा बेटावर देमाक नावाच्या जिल्ह्यात कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवन तोडलं गेलं आणि समुद्र गावात शिरला. २०१५ पासून काही वर्षं तिथे डच संस्था, वेटलँड्स इंटरनॅशनल आणि इंडोनेशिया सरकारने मिळून काठ्या-फांद्यांचे झिरपते बांध घातले. लाट त्यातून गाळून आत येते, गाळ मागे बसतो, चिखल वर येतो आणि तिवर परततं. आमच्या भिंतीने जे नकळत केलं ते तिथे मुद्दाम आणि योग्य जागी केलं. पण त्यांनी मला पुढचंही सांगितलं: लाकूड पोखरणाऱ्या किड्याने खांब खाल्ले, आणि भूजलाच्या उपशामुळे जमीनच खचते आहे, त्यामुळे काही ठिकाणी साचलेल्या गाळापेक्षा खचणं पुढे गेलं. हे त्या प्रकल्पाच्या लोकांनी स्वतः प्रसिद्ध केलं आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटलं. त्यांचं काम जगभर नावाजलं जातं त्यामागे हा मोकळेपणाही आहे, हे मी परतल्यावर सरांना आवर्जून सांगितलं, कारण त्यांच्या फेब्रुवारीतल्या प्रश्नाचं माझ्याकडे तोवर उत्तर नव्हतं.

मोठ्या सभागृहात काय ठरलं? राजकीय घोषणापत्र संमत झालं आणि शेकडो नवी ऐच्छिक वचनं नोंदली गेली. खुल्या समुद्राच्या कराराला मान्यता देणाऱ्या देशांची संख्या त्या आठवड्यात झपाट्याने वाढली. करार लागू व्हायला लागणारी साठावी मान्यता १९ सप्टेंबर २०२५ ला आली आणि १७ जानेवारी २०२६ पासून करार लागू झाला. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यातलं २०३० पर्यंत ३० टक्के क्षेत्राच्या संरक्षणाचं लक्ष्य जवळपास प्रत्येक भाषणात होतं. ते हवंच आहे. मात्र टक्के हे क्षेत्रफळाचे असतात, आणि आमच्या धक्क्यापाशी क्षेत्रफळाला धक्काही न लागता जे गेलं ते उंचीत गेलं. ही उंची रोज मोजणारी माणसं, आखणी करणारे, सर्वेक्षक, गाळ उपसणारे, बंदरवाले, ती माहिती घेऊन तिथे आली नाहीत तर दुसरं कोण आणणार? म्हणून किनारी अभियांत्रिकी कंपन्यांनी या चर्चांना गेलं पाहिजे असं मला वाटतं. जाताना झालेल्या कामांच्या आजूबाजूचे आकडे नेले पाहिजेत, आणि त्यात न आवडणारे आधी.

परत आल्यावर

वचनाच्या नोंदीत भागीदार म्हणून गावातल्या मच्छीमार सोसायटीचं नाव आहे. नोंद करण्यापूर्वी सोसायटीच्या अध्यक्षांनी मला तीनदा विचारलं होतं की यात आमच्यावर काही बंधन येतं का. सगळा इंग्रजी मजकूर मराठीत लिहून, सभेत वाचून दाखवल्यावरच त्यांनी होकार दिला. त्यांचं बरोबर होतं. आजवर कागदावर सही केली की काहीतरी गेलंच आहे त्यांचं.

करारात आम्ही नवं कलम घातलं: कामाआधी आणि नंतर तीन वर्षं तळाची मोजणी, खर्च वेगळा दाखवलेला, आकडे खुले. दोन ग्राहकांनी मान्य केलं. त्यातल्या एकाने आकडे सहा महिने उशिरा खुले करायची अट घातली, ती आम्ही स्वीकारली. तिसऱ्याने कलम काढायला सांगितलं. आम्ही नाही म्हटलं आणि ते काम गेलं. लहान कंपनीला असं काम जाणं किती जड जातं हे मी इथे लपवणार नाही. त्या तिमाहीत एका नव्या माणसाची नेमणूक आम्ही पुढे ढकलली.

२०१८ च्या भिंतीचा ग्राहक सुरुवातीला नाराज झाला. आम्ही दुरुस्तीची आखणी विनामूल्य करून दिली, तेव्हा बोलणं सुरू झालं. भिंत पाडायची गरज नाही. तिच्या मधल्या भागात खालच्या पातळीला तीन मोऱ्या ठेवल्या तर पावसाळ्यातल्या लोंढ्याचा काही भाग पुन्हा धक्क्याकडे वळतो, आणि निचऱ्याचा वेग फारसा कमी होत नाही. जी तिवर रुजली आहे तिला हात लावायचा नाही. मोऱ्यांची जागा तिच्यापासून दूर, खाडीकडच्या टोकाला धरली आहे. त्यामुळे धक्क्याचा आतला कोपरा बहुधा परत मिळणार नाही, बाहेरच्या तीन-चार होड्यांची जागा मिळेल. हे मी सोसायटीच्या सभेत जसं आहे तसं सांगितलं. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं की आत ज्यांच्या होड्या लागतात त्यांचं काय. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. जागा आळीपाळीने वापरायचा विचार गाव करतं आहे. मोऱ्यांच्या परवानगीचा अर्ज सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे गेला आहे.

दरम्यान सळया उभ्या आहेत. पावसाळ्यानंतरच्या मोजणीला मी गेले तेव्हा नाखवा धक्क्यावर आधीच येऊन बसले होते. त्यांनी एका सळईला होडीचा दोर बांधला होता. मी म्हटलं, "नाखवा, सळई हलली तर आकडा चुकेल." त्यांनी दोर सोडला, पायरीच्या कडीला बांधला, आणि विचारलं, "मंग या टायमाला किती?" मी सळईपाशी वाकून पट्टी लावली आणि आकडा त्यांना मोठ्याने सांगितला.